टाकीशेजारचा साल्व्हिया

बियाण्यातलं मला कुणी काही शिकवू नये, असं मी बावन्न वर्षांची होईपर्यंत मानत होते. त्या वयाला माणसाला अक्कल आलेली असते म्हणतात. मला फक्त चरबी आली होती, आणि बराचसा तोरा.

तोऱ्याला कारण होतं. आमच्या भरे गावात भाताचं रोप माझ्याइतकं दाट कुणाच्या वाफ्यात उतरायचं नाही. बी आधी मिठाच्या पाण्यात टाकायचं, तरंगेल ते पोचट म्हणून फेकायचं, बुडालेलं धुऊन भिजत घालायचं, मग फडक्यात बांधून वर दगड ठेवायचा आणि मोड आले की राबावर पेरायचं. राब म्हणजे शेण, पालापाचोळा आणि टहाळ्या रचून भाजलेली जमीन. आमच्या मुळशीत त्याच्याशिवाय भात नाही. शेजारणी यायच्या, माझ्या रोपावरून हात फिरवायच्या आणि म्हणायच्या, "बाई, तुज्या हाताला काय लागलंय गं?" मी म्हणायची, "काय न्हाई, शेन लागलंय." आणि आतून टम्म फुगायची.

मग खाचरं गेली. काही विकली, काही कारखान्याच्या भिंतीआड गेली. आम्ही घरावर मजला चढवला आणि खोल्या भाड्यानं दिल्या. पिरंगुटकडे कामाला जाणारी माणसं राहायला आली, त्यांच्या दुचाक्या आल्या. अंगणात आधी कोबा आला, मग फरशी, मग जमिनीखाली पाण्याची टाकी. शेवटी माझ्या पायाला माती लागेल अशी एकच जागा उरली. टाकी आणि कुंपणाची भिंत यांच्यामधली पट्टी. दोन खाटांएवढी लांब आणि एका खाटेएवढी रुंद.

एका नवरात्रात आमच्या ह्यांनी त्या पट्टीकडे बोट केलं.

"आंगनातली फरशी काडून सगळीकडं सिमेंटचं गट्टू बसवू. हितं बी. चार गाड्या मावत्यात."

"आन् माजी फुलं?"

"कुटली फुलं?"

मी बघितलं. तेरडा वाळून आडवा झाला होता. त्याच्या शेंगासुद्धा फुटून गेल्या होत्या.

"तेरड्याचा रंग तीन दिवस," हे म्हणाले. "बाकी वरीसभर चिखुल. चार म्हैन्याचं फूल म्हंजी पाव्हणं. पाव्हण्यापायी कुनी खोली रिकामी ठेवतं व्हय?" खोल्या भाड्यानं द्यायला लागल्यापासून सगळ्या सृष्टीकडे भाडेकरू म्हणून बघायची ह्यांना सवय लागली होती.

"मग जास्वंद लावते."

"मुळ्या टाकीत शिरत्यात. जाड खोड धरनारं काय बी नको."

मी हट्टाला पेटले. दोन दिवस चहात साखर घातली नाही. तिसऱ्या दिवशी हे म्हणाले, "बरं. लहान खोडाचं, पन बारा म्हैने टिकंल असं काय तरी लाव. ह्या दसऱ्याला लावायचं आन् फुडच्या दसऱ्याला मला जित्तं दाखवायचं. न्हाई दावलंस, तर गट्टूवाला मी बोलावनार, आन् तू तोंड न्हाई उघडायचं."

"न्हाई उघडनार," ती बाई म्हणाली. ती बाई म्हणजे मीच, पण तिला 'मी' म्हणायला आता जरा संकोच वाटतो. आपण काय लावणार आहोत हे तिला तेव्हा ठाऊकच नव्हतं. दिलेला शब्द मात्र तिनं अगदी मान वर करून दिला होता.

ठाऊक होतं ते माझ्या धाकट्या जावेला. ती लवळ्याच्या डोंगरावर एका कॉलेजच्या बागेत रोजंदारीनं खुरपायला जायची. दिवसभर तिथल्या माळ्याच्या शिव्या खायची आणि संध्याकाळी त्या मला व्याजासकट ऐकवायची.

"जाऊबाई, आमच्या तितं निळं तुरं हायेत. सालविया म्हनत्यात. माळी दरसाल उपटून टाकतो. पन एक मॅडम म्हनल्या, उपटू नका, हे वर्सानुवर्सं ऱ्हातं."

"मग उपटतो कशाला?"

"उपटलं न्हाई तर फुडच्या साली लावंल काय?"

दुसऱ्या दिवशी तिनं पदरात गुंडाळून वाळलेले तुरे आणले. मी एक दांडी चिमटीत धरून फिरवली आणि थांबले. दांडीला चार कडा होत्या. तुळशीच्या दांडीला असतात तशाच. तुराही मंजिरीसारखा, एकावर एक वाळक्या वाट्या रचलेल्या. एक वाटी तळहातावर उपडी केली तर आतून काळपट तपकिरी बिया निघाल्या. चार. दुसरीतून तीन, तिसरीतून पुन्हा चार. मोहरीपेक्षाही हलक्या. श्वास सोडला तर उडून जातील.

"अगं, ही तर तुळशीची भैन!" मी म्हणाले.

"मग तुळशीवानीच पेरा," जाऊ म्हणाली. "वरच्यावर फेकायचं, बास."

ती मला शिकवत होती! जिच्या रोपाला दरसाल टक्कल पडायचं ती! मी तिला चहा देऊन घरी पाठवलं आणि पातेल्यात पाणी घेऊन मीठ कालवलं.

अर्धं बी टाकलं. सगळं तरंगलं. एकही दाणा बुडायला तयार नाही. मी अर्धी घटका वाट बघितली, ढवळून बघितलं, आणि मग हताश होऊन सगळं पोचट म्हणून पाण्यासकट मोरीत ओतलं. तुळशीच्या बहिणीला भाताच्या दाण्याची परीक्षा लावली आणि नापास करून गटारात घातली. अर्धं बी वाचलं ते एवढ्यासाठी की शेतकरणीनं सगळं बियाणं एकदम काढायचं नसतं. त्या बाईच्या अंगात तेवढी एकच चांगली सवय होती.

उरलेलं तरी नीट करावं म्हणून मी मिठाला फाटा दिला, पण मोडाला नाही. जुन्या धोतराच्या फडक्यात बी बांधलं, ओलं केलं, वर वरवंटा ठेवला.

सकाळी पुरचुंडी सोडली. आत बी नव्हतंच. बेडकानं घातलेल्या अंड्यांसारखा बुळबुळीत गिलावा होता. प्रत्येक दाण्याभोवती ढगाळ फुगवटा आलेला आणि सगळे दाणे एकमेकांना आणि फडक्याला चिकटलेले. नखानं काढायला जावं तर घरंगळून पुढं चिकटत. मला वाटलं, नासलं. एका रात्रीत कुजलं. दसरा दोन दिवसांवर, आणि माझ्या हातात शेंबूड.

जाऊ आली ती दारातच हसून खाली बसली.

"जाऊबाई, सब्जा झाला की वो! दूध आना, बरफ आना, वरच्या भाडेकरूंना फालुदा पाजू."

"दात काडू नको. तोड सांग."

"तोड काय? फडकं हाय तसं मातीवर पसरा. देवाला दया आली तर आली."

घमेल्यात माती भरली, वर फडकं पसरलं, बुळबुळीत बाजू आभाळाकडे. रीत म्हणून वरून माती घालायला हवी होती. पण हात धजेना. मेलेल्याला पुरतात, आणि ते मेलंय हे मला कबूल करायचं नव्हतं. घमेलं ओट्याच्या कडेला ठेवलं. रोज सकाळी ह्यांना दिसेल अशा बेतानं त्याच्यावर पाणी शिंपडत होते, म्हणजे काहीतरी चाललंय असं वाटावं. दसऱ्याला ह्यांनी घमेल्यात डोकावून विचारलं, "हे काय? माजं धोतर?" मी म्हणाले, "बी हाय." ते हसले असते तर बरं झालं असतं.

मधल्या दिवसांत पट्टी तरी तयार करावी म्हणून मी तिच्यावर शेणपालापाचोळा रचून छोटा राब भाजला. धूर सरळ वरच्या खोल्यांत गेला. वाळत घातलेल्या शर्टांसकट सगळे भाडेकरू जिन्यावरून धडाधड खाली. "आंटी, गाडी जल रही है क्या?" मी म्हणाले, "न्हाई रे बाबा, जमीन भाजतीया." ते एकमेकांकडे बघत वर गेले. त्या महिन्यापासून मला बघून ते जरा जास्तच आदरानं बाजूला व्हायला लागले.

दहाव्या की अकराव्या दिवशी मी पाणी शिंपडायला वाकले, तर फडक्यावर हिरवे ठिपके. आधी वाटलं शेवाळ. मग चष्मा आणला. प्रत्येक ठिपका म्हणजे दोन पानं होती, एकमेकांना पाठ लावून उघडलेली, आणि खाली पांढरा केसाएवढा पाय, जो धोतराच्या विणीतून आरपार मातीत गेला होता. ह्यांचं धोतर जमिनीला शिवलेलं.

मी तिथंच मांडी घालून बसले. चूल पेटायची होती, पेटली नाही.

पुढं त्याच मॅडमकडून जावेनं विचारून आणलं की ह्या बीला उजेड लागतो, मातीखाली घातलं तर ते रुजायला कां कूं करतं. आणि तो बुळबुळीतपणा म्हणजे कुजणं नव्हतं. ते त्या दाण्यानं स्वतःभोवती धरून ठेवलेलं पाणी होतं. जिथं पडलो तिथंच चिकटून राहायचं, वाहून जायचं नाही, आणि आपली घागर आपल्या अंगाला बांधून ठेवायची. एवढी अक्कल मोहरीहून हलक्या दाण्यात, ज्याच्या भावंडांना मी मिठाच्या पाण्यात टाकून नापास केलं होतं! चाळीस वर्षं मी बी 'उठवते' असं म्हणत आले होते. कोण कुणाला उठवत होतं, देव जाणे.

दिवाळीनंतर चौदा रोपं पट्टीत गेली. महाशिवरात्रीच्या सुमाराला पहिला तुरा आला. आधी देठ पांढुरका, पीठ लावल्यासारखा, आणि मग त्यातून निळा. आभाळाचा निळा नाही. निळीच्या पाण्यातून काढलेलं धोतर पिळताना घडीच्या आत जो साठतो, तो. मी त्या तुऱ्यासमोर उभी राहिले की मला काय काम होतं ते विसरायचे.

हे येऊन बघून गेले. "आलं पाव्हणं," एवढंच म्हणाले. "बघू कवा जातंय." पैज त्यांच्याही ध्यानात होती.

एक दिवस मधमाशी बघत होते. ती फुलाच्या खालच्या ओठावर उतरायची, डोकं आत घालायची, आणि बाहेर यायची तेव्हा तिच्या पाठीवर पिवळा डाग असायचा. दर वेळी त्याच जागी. मला राहवेना. खराट्याची एक हीर काढली, तिचं टोक तोंडात ओलं केलं आणि हलकेच फुलाच्या घशात घातलं. तर वरच्या टोपीखालून दोन बारीक हात खाली आले आणि हिरेवर पिवळा टिळा लावून पुन्हा वर गेले.

मी ओरडले. जाऊ हातातलं खुरपं टाकून धावत आली. "काय चावलं?"

"बघ. आता बघ हं."

पुन्हा हीर घातली. पुन्हा ते हात खाली आले. जावेनं माझ्या हातातून हीर काढून घेतली आणि स्वतः घातली. मग दुसऱ्या फुलात. मग तिसऱ्या. तासभर पन्नाशीच्या आगेमागे असलेल्या दोन बाया भिंतीशी ओणव्या होऊन फुलांना गुदगुल्या करत होत्या.

"दारात आलेल्या बाईला हळदीकुंकू लावल्याबिगर सोडत न्हाईत," जाऊ हळूच म्हणाली.

मी मान हलवली. इतकी वर्षं मी फुलं तोडत आले, देवाला वाहत आले, केसात माळत आले. एकदाही आत डोकावले नव्हते.

उन्हाळा रोपांनी हसत काढला. मग आमचा पाऊस आला. मुळशीचा पाऊस पाहुणा म्हणून येत नाही, चार महिने बिऱ्हाड करतो. आणि त्या बाईनं, त्या रोपाच्या राणीनं, काय करावं? वैशाखातच पट्टीभोवती छान चोपून, हातानं सारवून, बांध घातला होता. अर्ध्या नडगीपर्यंत. पाणी बाहेर जायला फट नाही. खाचराला घालतात तसा. बांध घातल्यावर ती चार पावलं मागं सरकून कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत उभी राहिली होती, हेही मला स्पष्ट आठवतं.

आषाढात पट्टीत पाणी तुंबलं. पानं पिवळी, मग खालून काळी. जाऊ म्हणाली, "जाऊबाई, हे भात हाय व्हय? ह्याच्या पायाखालचं पानी काडा."

"पावसात बांध फोडू? येडी हायेस का?"

चौदातली पाच गेली. मग आणखी चार. मी रोज एक मेलेलं रोप उपटून भिंतीपलीकडे टाकत होते आणि बांधाला मात्र रोज थापटून घट्ट करत होते. हात ऐकतच नव्हते. पावसात बांध फोडणं म्हणजे काय हे ज्यानं भात केलाय त्यालाच कळेल. आमच्याकडे बांध फोडल्यावरून सख्ख्या भावांचं बोलणं तुटलंय. मी नवी नवरी असताना माझ्या पायानं चुकून बांधाचं एक ढेकूळ ढासळलं होतं, तर सासूबाई दोन दिवस माझ्या हातचं जेवल्या नव्हत्या.

पाच उरली तेव्हा एका दुपारी मी खुरपं घेऊन पावसात गेले. बांधाला टेकवलं. काढलं. पुन्हा टेकवलं. मग खुरपं बाजूला ठेवलं आणि हातानंच सुरुवात केली. पहिलं ढेकूळ निघालं आणि पाणी माझ्या मनगटावरून पळालं.

ओट्यावरून हे ओरडले, "अगं, काय करतीयास?"

"बांध फोडतीया."

गट्टूची पैज जिंकायला टेकलेला तो माणूस, पण तोही भात करूनच म्हातारा झाला होता. मी संपूर्ण बांध मोडेपर्यंत ते ओट्यावर उभे राहिले. आत गेले नाहीत.

उशीर झालाच होता. भाद्रपदापर्यंत पट्टीत पाच काळ्या काड्या होत्या. जाऊ म्हणाली, छाटून बघा. विळ्यानं मातीपासून चार बोटं ठेवून छाटल्या. गणपती गेले, पितृपंधरवडा गेला. घट बसले. घरात घटातलं धान्य तिसऱ्या दिवशी फुटलं, सातव्या दिवशी वीतभर झालं, पिवळं लुसलुशीत. बाहेर पाच काड्या होत्या तशाच. रोज सकाळी घटाला पाणी घालून मी बाहेर जायची आणि वाकून बघायची. अष्टमीपासून बघायचंही सोडलं.

दसऱ्याला सकाळी टेंपो आला. मुहूर्ताचं काम म्हणून गट्टूवाल्याला ह्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मी दाराला तोरण बांधत होते. तोंड उघडायचं नाही असं ठरलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी शब्द पाळत होते. गट्टूवाल्यानं दोरी काढली, एक टोक टाकीच्या कोपऱ्याशी धरलं आणि दुसरं ह्यांच्या हातात दिलं. "काका, भिंतीला लावून धरा."

हे दोरी घेऊन भिंतीकडे गेले. तिथं थांबले. मग दोरी धरलेला हात गुडघ्यावर ठेवून, कण्हत, खाली बसले. ह्यांचा उजवा गुडघा तेव्हाही नीट वाकत नव्हता. खाली बसलेले मी ह्यांना फक्त जेवणाच्या ताटावर बघितलं होतं.

बराच वेळ उठेनात.

"काका? भिंतीला लावा की."

ह्यांनी दोरी भिंतीला लावली नाही. काड्यांच्या अलीकडून, माझ्या पट्टीच्या कडेकडेनं धरली.

"हितनं घे."

"आन् ती जागा?"

"तितं पाय ठिवू नको. तितं हाय."

"काय हाय?"

"वाकून बघ."

गट्टूवाला वाकला. मी तोरण तसंच एका खिळ्यावर लोंबकळतं सोडून गेले आणि त्या दोघांच्या मधे डोकं घातलं. मला काही दिसेना. ह्यांनी बोटानं दाखवलं, अगदी न लावता. दुसऱ्या काडीच्या बुडाशी, काळ्या सालीला फोडून, मुगाच्या डाळीएवढी दोन पानं आली होती. त्यांच्यावर पांढुरकी लव होती आणि लवेवर पाणी होतं.

"एवढंसं?" गट्टूवाला म्हणाला.

"जित्तं हाय," हे म्हणाले, आणि उठायला माझ्याकडे हात पुढं केला.